विजेच्या भट्टीचे तापमान बिघडते तेव्हा

कुंभाराचा आवा आणि विजेची भट्टी ह्या दोहोंचे काम एकच. कच्च्या मातीला असा ताप द्यावयाचा की, तिने पुन्हा पाण्यात विरघळू नये. पण दोहोंच्या पद्धतीत मोठा फरक आहे. आवा लावणारा कुंभार ज्वालेचा रंग पाहतो, धूर पाहतो, गोवऱ्या व लाकूडफाटा कमीजास्त करतो. त्याचा डोळा हाच त्याचा तापमापक. विजेच्या भट्टीपाशी उभा असलेला मनुष्य मात्र एका लहानशा खिडकीत उजळणाऱ्या आकड्याकडे पाहतो आणि त्यावर भरवसा ठेवून घरी जातो. तो आकडा खरा असेल तोवर सर्व काही ठीक चालते. तो खोटे बोलू लागला, म्हणजे कित्येक आठवड्यांचे कष्ट एका रात्रीत वाया जातात.

एखाद्या शाळेच्या कलावर्गाचे उदाहरण घ्यावे. मुलांनी दोन महिने खपून वाट्या, सुरया आणि पणत्या घडविल्या. त्या एकदा भाजून घेतल्या. मग त्यांवर झिलई चढविली आणि भट्टी पुन्हा लावली. आकड्याने १२२० अंश सेल्सिअस दाखविले आणि भट्टी आपोआप बंद झाली. दुसऱ्या दिवशी झाकण उघडून पाहावे, तो झिलई खरखरीत, पांढुरकी, अर्धवट वितळलेली. शिक्षकाने पुढच्या खेपेस आकडा वीस अंशांनी वाढविला. त्या खेपेस झिलई ओघळली आणि भांडी फळीला चिकटून बसली. दोन्ही वेळा यंत्राने सांगितल्याप्रमाणे काम केले होते. चूक झाली ती दोष कोठे आहे हे न शोधता आकडा बदलण्यात.

रोग्याचे अंग तापले आहे असे तापमापक सांगतो, तेव्हा जाणता वैद्य रोग्याच्या कपाळालाही हात लावून पाहतो. भट्टीच्या बाबतीतही प्रथम हेच ठरवावयाचे असते की, बिघाड उष्णतेत आहे की उष्णता मोजण्यात आहे. ह्यासाठी तक्रारीचे तीन प्रकार ध्यानात ठेवले, तर पुढची वाट सोपी होते. पहिला प्रकार असा की, आकडा ठरल्या ठिकाणी पोहोचतो, पण माल कच्चा किंवा करपलेला निघतो. दुसरा, आकडा वर चढतच नाही. तिसरा, भट्टी थांबावयाची तेथे थांबत नाही. पहिल्यात बहुधा मापनाचा दोष असतो, दुसऱ्यात बहुधा शक्तीचा, आणि तिसऱ्यात बहुधा स्विचाचा. ह्या तिन्हींचा विचार क्रमाने करणे बरे.

प्रथम मापन. भट्टीच्या आतील ताप अजमावण्याची युक्ती विजेच्या भट्टीहून जुनी आहे. इंग्लंडमधील जोसाया वेजवुड ह्या प्रसिद्ध कुंभाराने १७८२ साली मातीच्या लहान तुकड्यांच्या आकुंचनावरून भट्टीचा ताप मोजण्याचे साधन तयार केले. पुढे १८८६ साली बर्लिन येथे हेर्मान झेगर यांनी निरनिराळ्या मिश्रणांचे लहान शंकू बनविले. ठरावीक ताप लागला की असा शंकू मऊ होऊन वाकतो. अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी त्याच धर्तीचे शंकू तयार केले आणि आज त्यांच्या क्रमांकांनीच पुष्कळ कारागीर बोलतात.

शंकूचे महत्त्व असे की, तो केवळ तापमान मोजत नाही. किती ताप किती वेळ लागला ह्या दोहोंचा मिळून हिशेब तो देतो. ऑर्टनचा सहा क्रमांकाचा शंकू अखेरच्या टप्प्यात तासाला ६० अंशांच्या गतीने तापविला, तर सुमारे १२२२ अंशांना वाकतो. तोच तासाला १५० अंशांच्या गतीने तापविला, तर सुमारे १२४३ अंशांपर्यंत तग धरतो. माती आणि झिलई ह्यांचेही असेच आहे. मंद आचेवर उशिरापर्यंत ठेवलेला भात जसा कमी आचेवरही शिजतो, तशी हळू तापलेली भांडी कमी अंशांवरही पक्की होतात. म्हणून आकडा बरोबर असूनही भट्टी चढण्याची गती बदलली, तर माल वेगळा निघू शकतो. ज्याने मागील खेपेची गती लिहून ठेवली नाही, तो विनाकारण यंत्राला दोष देतो.

तेव्हा पहिली तपासणी शंकूंची. भट्टीत तीन ठिकाणी, म्हणजे वरच्या, मधल्या आणि खालच्या फळीवर, पाच, सहा व सात क्रमांकांचे शंकू शेजारी शेजारी ठेवावेत. पाच पूर्ण लोळला, सहा वाकून टेकला आणि सात उभा राहिला, तर भाजणी ठरल्याप्रमाणे झाली. तिन्ही ठिकाणचे तिन्ही उभे राहिले आणि आकडा मात्र १२२२ दाखवीत असला, तर मापन चुकले आहे हे निश्चित समजावे. वरचे लोळले आणि खालचे उभे राहिले, तर मापनापेक्षा उष्णतेच्या वाटणीत दोष आहे. तीन पैशांच्या मातीच्या तुकड्याने महागड्या यंत्राची साक्ष तपासता येते ती अशी.

मापन चुकले असे ठरल्यावर दृष्टी वळवावयाची ती थर्मोकपलकडे. दोन निराळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या आणि ते टोक तापविले, तर तारांच्या दुसऱ्या टोकांशी अल्प विद्युत्‌दाब उत्पन्न होतो, हे थॉमस योहान झीबेक यांनी १८२१ साली दाखविले. भट्टीच्या भिंतीतून आत डोकावणारी कांडी म्हणजे हीच जोडतार होय. लहान भट्ट्यांत बहुधा ‘के’ जातीचे थर्मोकपल असते. त्यापासून अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे १२०० अंशांनासुद्धा जेमतेम ४९ मिलिव्होल्ट दाब मिळतो. इतक्या नाजूक संदेशावर सारा कारभार चालत असल्यामुळे एखादा सैल स्क्रू किंवा गंजलेला जोड पुष्कळ घोटाळा करू शकतो.

येथे तपासावयाच्या गोष्टी साध्या आहेत. कांडीचे टोक भट्टीच्या पोकळीत दोनतीन सेंटिमीटर तरी आत आलेले असावे. ते भिंतीतच दडून राहिले, तर भिंतीचा ताप दाखवील. फळीला किंवा भांड्याला टेकले, तर त्या वस्तूचा दाखवील. टोकावरील धातू पापुद्रे सुटून बारीक झालेला दिसला, तर कांडी बदलावी. उच्च तापात वारंवार राहिल्याने ‘के’ जातीची तार झिजते आणि तिचे माप हळूहळू सरकते. ती एकदम तुटली तर निदान नियंत्रक तसे सांगतो. सरकली तर तो काहीच सांगत नाही. म्हणूनच शंकूची साक्ष प्रत्येक खेपेस हवी. नेहमी १२०० अंशांच्या वर काम करणाऱ्यांस प्लॅटिनम व ऱ्होडियम ह्यांची ‘एस’ किंवा ‘आर’ जातीची तार अधिक टिकाऊ पडते. मात्र ती महाग असते आणि नियंत्रकालाही त्या जातीची सूचना द्यावी लागते. जात एक आणि सूचना दुसरी असली, तर आकडा शेकडो अंशांनी चुकतो.

नवी कांडी बसविल्यावर एक गमतीदार बिघाड पुष्कळदा आढळतो : भट्टी तापू लागली की आकडा उलट खाली उतरतो. तारा उलट जोडल्याची ही खूण आहे. तांबडी तार म्हणजे धन, असे वीजतंत्री गृहीत धरतो. परंतु अमेरिकी पद्धतीत थर्मोकपलची तांबडी तार ऋण असते, जुन्या जर्मन पद्धतीत ती धन असते, आणि आंतरराष्ट्रीय पद्धतीत ‘के’ जातीची धन तार हिरवी व ऋण तार पांढरी असते. रंगांनी गोंधळ झाला, तर एक लहान लोहचुंबक घ्यावा. ‘के’ जातीच्या दोन तारांपैकी जी थंड असताना चुंबकाकडे ओढली जाते, ती ऋण. त्याचप्रमाणे कांडीपासून नियंत्रकापर्यंतची तार त्याच जातीची असावी लागते. घरातली साधी तांब्याची तार तेथे जोडली, तर भट्टीजवळचा जोड तापला की आकडा चुकू लागतो.

दोष कांडीत की नियंत्रकात, हे ठरविण्याचीही सोपी रीत आहे. भट्टी थंड असताना मुख्य वीज तोडावी. कांडीच्या तारा नियंत्रकापासून सोडवून त्या दोन जागा तांब्याच्या लहान तुकड्याने एकमेकींस जोडाव्यात, आणि मग केवळ नियंत्रकाला वीज देऊन पाहावे. आकड्याने खोलीतील तापमान दाखविले, तर नियंत्रक बहुधा निर्दोष आहे आणि दोष कांडीत किंवा तारेत आहे. तपासणी झाल्यावर तो तांब्याचा तुकडा काढण्यास मात्र विसरू नये. तो तसाच राहिला, तर नियंत्रकाला भट्टी सदैव थंडच वाटेल आणि तो तिला तापवीतच राहील.

आता दुसरी तक्रार : आकडा वर चढत नाही. भट्टी तापविणे हे गळक्या रांजणात पाणी भरण्यासारखे आहे. आरंभी गळती थोडी असते, म्हणून पाणी भराभर चढते; पातळी उंचावली की गळतीही वाढते. भट्टी सहाशे-सातशे अंशांपर्यंत सहज चढते, कारण तोवर भिंतींतून बाहेर जाणारी उष्णता थोडी असते. बाराशेच्या आसपास मात्र आत येणारी आणि बाहेर जाणारी उष्णता जवळजवळ सारखी होते. तेथे शक्ती थोडी जरी कमी पडली, तरी आकडा एका जागी अडून बसतो. म्हणून पहिले सहा तास भट्टी उत्तम चालली आणि शेवटी अडली, म्हणजे नियंत्रक बिघडला, असा निष्कर्ष काढणे चूक होय.

शक्ती कमी पडण्याचे पहिले कारण भट्टीच्या बाहेरच असू शकते. उष्णतेची शक्ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. समजा, कॉईलचा एकूण रोध १६ ओहम आहे. २३० व्होल्टवर तिच्यातून सुमारे १४.४ अँपिअर वाहतील आणि सुमारे ३३०० वॉट उष्णता मिळेल. संध्याकाळी शेजारपाजारचे पंप, पंखे आणि दिवे चालू झाल्यामुळे दाब २०७ व्होल्टवर आला, म्हणजे केवळ एक दशांशाने उतरला, तरी शक्ती सुमारे २६८० वॉट, म्हणजे शंभरास एक्याऐंशी एवढीच उरते. गावोगावी हा अनुभव नेहमीचा आहे. भट्टी भर तापात असताना व्होल्ट मोजावेत. थंड असताना मोजलेला दाब फसवा असतो. दाब नेहमी संध्याकाळीच पडत असेल, तर अखेरचा टप्पा रात्री उशिरा किंवा पहाटे येईल अशा बेताने भट्टी लावणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. तीन फेजांवर चालणाऱ्या भट्टीत एखादा फेज गेला आहे काय, हेही प्रथमच पाहावे.

दुसरे कारण कॉईलचे वय. विजेच्या भट्टीची कॉईल सामान्यतः लोखंड, क्रोमियम व अॅल्युमिनियम ह्यांच्या मिश्रधातूची असते. स्वीडनमध्ये निघालेले ‘कांथल’ हे त्यातील सर्वपरिचित नाव. तापल्यावर ह्या तारेवर अॅल्युमिनियम ऑक्साइडचे पातळ कवच चढते आणि तेच तिचे रक्षण करते. परंतु प्रत्येक भाजणीत तार थोडी थोडी झिजते आणि तिचा रोध वाढतो. वरील उदाहरणातील १६ ओहम १७.६ झाले, तर ३३०० वॉटांचे ३००० वॉट उरतात. नव्या कॉईलच्या मानाने रोध एक दशांशाने वाढला, की ती बदलण्याची वेळ आली असे समजण्याचा प्रघात आहे. म्हणून नवी कॉईल बसविताच तिचा रोध मोजून भट्टीच्या अंगावरच लिहून ठेवावा. पुढे दोन कॉईली कोणत्या प्रमाणात थकल्या आहेत, हे एका दृष्टिक्षेपात कळते.

एखादी कॉईल मधेच तुटली असेल, तर ओळखणे आणखी सोपे. भट्टी काही मिनिटे चालू करून दुरून पाहावे. साऱ्या कॉईली लाल होतात आणि एक काळीच राहते, तर दोष तिच्यात, तिच्या जोडात किंवा तिच्या रिलेत आहे. भाजलेली तार थंडपणी काचेसारखी ठिसूळ असते. ती वाकवू जाताच मोडते. झिलईचा थेंब कॉईलवर सांडला, तर तो वितळून रक्षक कवच खातो आणि तेथेच तार तुटते. म्हणून भांड्यांचे बूड स्वच्छ पुसणे हीसुद्धा कॉईलची निगा होय.

आकडा अडून बसला, तर तास न्‌ तास वाट पाहत राहणेही धोक्याचे आहे. मघाशी सांगितल्याप्रमाणे मंद तापात शंकू कमी अंशांवरच वाकतो. सहा क्रमांकाचा शंकू तासाला १५ अंशांच्या गतीने सुमारे ११८५ अंशांनाच लोळतो. आकडा ११९० वर रेंगाळत असतानाच आतील भांडी पूर्ण भाजून झालेली असतील. पाहण्याच्या छिद्रातून, गडद काच डोळ्यांवर धरून, शंकू पाहावा आणि त्याचा निर्णय मानावा.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर. भट्टी थांबत नाही. नियंत्रक स्वतः जड विद्युत्‌प्रवाह तोडीत नाही. तो रिलेला आज्ञा देतो आणि रिले प्रवाह जोडते व तोडते. एका भाजणीत हे शेकडो वेळा घडते. ठिणग्यांनी रिलेचे स्पर्शबिंदू झिजतात आणि एखाद्या दिवशी ते एकमेकांना चिकटूनच बसतात. बिनआवाजाची घन अवस्थेतील रिलेही निकामी होताना बहुधा जोडलेल्या स्थितीतच निकामी होते. मग नियंत्रकाने कितीही ‘बंद’ म्हटले, तरी कॉईल तापतच राहते. फळ्या वाकतात, भांडी वितळतात आणि आगीचाही संभव असतो. आज्ञा बंद असताना आकडा चढत राहिला, किंवा तारेभोवती धरलेल्या क्लॅम्प मीटरने प्रवाह दाखविला, तर मुख्य स्विच ताबडतोब बंद करावा. ह्यासाठी मूळ नियंत्रकाशी संबंध नसलेला दुसरा तापरक्षक, आपला स्वतंत्र थर्मोकपल आणि स्वतंत्र स्विच यांसह, बसविणे हाच खरा उपाय आहे. तो नसेल, तर अखेरच्या तासाला भट्टीपाशी मनुष्य हवा; हा नियम कोणत्याही घाईसाठी मोडू नये.

येथेच सुरक्षिततेचा इशारा देणे अगत्याचे आहे. घन अवस्थेतील रिले बंद असली, तरी तिच्यातून अल्प प्रवाह झिरपतो. त्यामुळे नियंत्रकावर ‘बंद’ पाहून कॉईलला हात लावणे म्हणजे जिवावर उदार होणे. झाकण उघडण्यापूर्वी मुख्य स्विच पाडावा, शक्य तर त्यास कुलूप घालावे आणि वीज नाही याची टेस्टरने खात्री करून घ्यावी. भट्टीचा लोखंडी सांगाडा अर्थिंगला जोडलेला असलाच पाहिजे. चालू विजेवरील मोजमाप जाणत्या वीजतंत्र्याकडूनच करवावे. भाजणीत निघणारा धूर व वायू विषारी असू शकतात, म्हणून भट्टीची खोली मोकळ्या हवेची असावी.

राहता राहिली उष्णतेची विषम वाटणी. वरची भांडी पक्की आणि खालची कच्ची निघत असतील, तर कॉईली व रिले तपासल्यावर मांडणीकडे पाहावे. खाली भांड्यांची दाटी आणि वर मोकळीक असली, तर वरचा भाग लवकर तापतो. झाकणाची फट, तुटलेली वीट, कॉईलला खेटून ठेवलेली फळी, ही कारणेही पुष्कळदा सापडतात. शेवटच्या तापावर भट्टी दहापंधरा मिनिटे स्थिर ठेवली, तर ताप सर्वत्र सारखा पसरण्यास मदत होते. मात्र त्या मिनिटांचाही हिशेब शंकू ठेवतो, हे विसरू नये. कमी तापात आकडा ठरल्या रेषेच्या पुढे उसळत असेल, तर नियंत्रकाची जुळणी सुधारावी लागते. चढण्याच्या गतीचा विचार विशेषतः ५७३ अंशांच्या आसपास करावा, कारण तेथे मातीतील गारगोटीचे रूप बदलून ती एकाएकी फुगते आणि उतरत्या तापात आकसते. घाईने निवविलेली भांडी तेथेच तडकतात.

ह्या साऱ्या तपासणीचा प्राण एका नियमात आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कांडी, कॉईल आणि आकडा एकाच दिवशी बदलणाऱ्याला भट्टी सुधारली तरी ती कशाने सुधारली हे कळत नाही, आणि पुन्हा बिघडली तर आरंभापासून शोध करावा लागतो. भट्टीशेजारी एक वही टांगलेली असावी. तीत तारीख, दर तासाचा आकडा, व्होल्ट, भांड्यांची दाटी, शंकूंची स्थिती आणि बदललेला भाग लिहावा. आठ तासांची भाजणी बारा तासांची होऊ लागली, तर कॉईल तुटण्यापूर्वीच वही ते सांगते. सहा किलोवॉटची भट्टी आठ तास पूर्ण शक्तीने चालली, तर ४८ युनिटे वीज जाते. एका फसलेल्या भाजणीच्या खर्चात अशा पुष्कळ वह्या येतील.

आणि विजेच्या बिलाहूनही मोठे नुकसान वेगळेच असते. आपण घडविलेली पहिली वाटी करपली किंवा कच्ची राहिली, हे पाहणाऱ्या मुलाला त्याचे कारण सांगता आले पाहिजे. गोरोबा काकांच्या हातातील थापटण्याची कथा मराठी मनाला ठाऊक आहे. मडके पक्के की कच्चे, हे मडक्याला विचारून ठरत नसते. ते थापटून पाहावे लागते. खिडकीतील आकडा हे भट्टीचे बोलणे होय. शंकू, मीटर आणि वही ही आजच्या कुंभाराची थापटणी आहेत. ती ज्याच्या हाती आहेत, त्याची भट्टी कधी बिघडणारच नाही असे नव्हे. पण बिघडली, तर ती कोठे बिघडली हे त्याला कळेल, आणि पुढची भाजणी त्याच्या हातून वाया जाणार नाही.